जुनी डिझेल पिकअप घेताना: ऐकीव समज आणि वस्तुस्थिती

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा लासलगावच्या कांदा मार्केटच्या आवारात रांगेने उभ्या असलेल्या पिकअपपैकी कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात असतात. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, म्हणून शेतकरी, दूधवाला किंवा भाजीचा छोटा व्यापारी पहिली गाडी बहुधा जुनीच घेतो. त्यात काही गैर नाही. नीट राखलेलं डिझेल इंजिन दुसऱ्या मालकालाही वर्षानुवर्षं कमाई देतं. घोळ होतो तो निवडताना. व्यवहार ठरतो मॉडेलचं साल, मीटरवरचा आकडा आणि नवा रंग बघून. पिकअप मात्र झिजते ओझ्याने आणि उष्णतेने. या दोन्हींच्या खुणा चॅसीवर, पाट्यांवर, रेडिएटरमध्ये आणि ऑइलमध्ये सापडतात, आणि तिथे वाकून बघणारे गिऱ्हाईक कमी.

‘रनिंग कमी आहे’ हे एजंटचं पहिलं वाक्य असतं. मीटर मागे फिरवता येतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण आकडा खरा असला तरी तो अर्धीच गोष्ट सांगतो. दीडपट माल भरून रोज माळशेज घाट चढलेली साठ हजार किलोमीटरची गाडी आणि हलका माल घेऊन महामार्गावर दीड लाख धावलेली गाडी यांत दुसरी अधिक धडधाकट निघू शकते. घाटात चढावर क्लच आणि इंजिन तापतं, उतारावर ब्रेक तापतात. म्हणून आकड्याची खातरजमा क्लचच्या पेडलवरचं रबर, स्टेअरिंगची झीज आणि ड्रायव्हरची सीट बघून करावी. शक्य असेल तर गाडी नंबरावरून कंपनीच्या वर्कशॉपमधली जॉबकार्डं मालकाला काढायला सांगावीत. प्रत्येक जॉबकार्डावर त्या दिवसाचं किलोमीटर लिहिलेलं असतं आणि ते आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, हे लगेच कळतं.

गाडीत आजवर काय वाहिलं, हा प्रश्न तर फार थोडे जण विचारतात. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी वाहिलेल्या पिकअपच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी सतत खाली झिरपत असतं. त्याने चॅसी आतून गंजते. वरून काळा रंग मारला की डोळ्यांना काही दिसत नाही, पण हातोडीच्या हलक्या ठोक्याला धड पत्रा आणि कुजलेला पत्रा वेगवेगळा वाजतो. माझा आग्रह आहे की गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर चढवून बॅटरीच्या उजेडात खालून बघितल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नये. केबिनच्या मागची जागा आणि मागच्या पाट्यांचे हँगर इथे वेल्डिंगची रेघ दिसली, तर चॅसी एकदा तडकलेली आहे. इंजिनाचं काम करून घेता येतं. तडकलेल्या चॅसीवर पुन्हा माल भरणं म्हणजे जिवाशी खेळ.

चॅसी तडकण्यामागे बहुतेक वेळा एक जुना समज असतो: पाटे वाढवले की गाडीची ताकद वाढते. बोलेरो पिकअप मॉडेलप्रमाणे १.३ टन, १.७ टन अशा क्षमतांत येते. २००५ साली आलेल्या टाटा एसची, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीची, मूळ क्षमता ७५० किलो होती. जादा पाटे टाकल्याने मागची बाजू बसत नाही एवढंच. ब्रेक ड्रम, व्हील बेअरिंग, एक्सल आणि क्राउन-पिनियन आहेत तेच राहतात आणि आरसीवरचं एकूण वजनही बदलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २ हजार अशी तरतूद आहे. विकायला आलेल्या गाडीला कंपनीपेक्षा जास्त पाटे असतील, तर ‘मजबूत करून घेतलीय’ हे शब्द बाजूला ठेवावेत आणि ती गाडी सतत जादा माल वाहत होती असं धरून चालावं. मग क्राउनचा आवाज, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि चाकांचे बेअरिंग बारकाईने तपासावेत.

इंजिन बघायला जाताना गाडी थंड असावी, ही अट आधीच फोनवर घालावी. गरम इंजिन पुष्कळ दोष लपवतं. बॉनेटला हात लावून बघा. गाडी आधीच चालू करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं नाही म्हणून मात्र ते संपलं असं समजू नये. पावसाळ्यात डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठतं, पाइपच्या सैल जोडातून लाइन एअर घेते, बॅटरी उतरते, ग्लो प्लग जळतो. ही सगळी कामं इंजिन न उतरवता होतात. एवढ्या कारणावरून चांगली गाडी नाकारणारेही मी पाहिले आहेत.

‘डिझेल आहे, धूर तर निघणारच’ हा समज जुन्या पंपांच्या काळातला आहे. धुराला रंग असतो आणि रंगाला अर्थ असतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते: एअर फिल्टर तुंबलाय, टर्बोचा होज फाटलाय किंवा इंजेक्टर जास्त डिझेल टाकतोय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि ते रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोच्या सीलमधून येतं. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला तर हरकत नाही. इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. गरम इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सोडवून तिथेच उलटं ठेवा. थोडी वाफ येतेच. झाकण थडथडत उडत असेल आणि धुराचे झोत लयीत बाहेर पडत असतील, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे, म्हणजे रिंग-लायनर झिजलेत.

‘इंजिन फुल केलंय, आता बघायलाच नको,’ असंही सांगतात. फुल म्हणजे काय केलं, हे बिलावरून कळतं. फक्त रिंग बदलल्या, की लायनर-पिस्टनही बदलले? क्रँक घासून बेअरिंग टाकले का? हेड फेसिंगला गेलं होतं का? आणि सर्वांत महत्त्वाचं: इंजिन खोलावं का लागलं? पुष्कळदा उत्तर रेडिएटरमध्ये असतं. साधं पाणी घालून वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीत क्षार आणि गंज साचतो, घाटात गाडी तापते, हेड वाकतं. कूलंट उकळण्याचा बिंदू वाढवतं आणि गंज रोखतं. ते फक्त थंड प्रदेशासाठी असतं हा समज चुकीचा आहे. रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावरच उघडावं. आत तांबूस गाळ किंवा वर तेलाचा तवंग दिसला, तर नवं केलेलं इंजिनही त्याच आजाराने पुन्हा बसेल.

टर्बोचंही असंच. ‘टर्बो गेला, नवा टाकला’ हे ऐकून समाधान मानू नका. टर्बो बहुधा ऑइल न पोहोचल्याने किंवा घाण ऑइलने जातो. ऑइलची नळी साफ केली नसेल, तर नवाही फार टिकत नाही.

बीएस ६ गाड्यांबद्दल तर भीती आणि बेफिकिरी दोन्ही आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ लागू झालं आणि डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. हे डिझेल बीएस ४ गाडीला चालतं. त्याने जुना पंप खराब होत नाही. या नव्या गाड्यांत सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. साठलेली काजळी जाळायला धूर फार तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. गल्लीबोळात दूध टाकत फिरणाऱ्या गाडीत ही जाळणी अर्धवट राहते आणि त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपेक्षा वर दिसलं, तर ‘ऑइल पीत नाही’ म्हणून खूश होऊ नये. ते पातळ झालेलं असतं आणि बेअरिंग खातं. डीपीएफ काढून टाकणं किंवा ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा, बंद करून घेणं हा उपाय नाही. तो बेकायदेशीर आहे आणि पुढचा खर्च तुमच्या अंगावर येतो. काही मॉडेलांत युरियाची वेगळी टाकी असते. त्यातलं द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं असतं. गोणीतला खताचा युरिया पाण्यात विरघळवून तिथे ओतणं घातक आहे. २०१५ पासून तो कडुनिंबाच्या तेलाने लेपित केलेला असतो आणि त्यातली अशुद्धी कॅटॅलिस्ट निकामी करते.

कॉमन रेल गाडीचा इंजेक्टर हजार बारच्या वरच्या दाबाने डिझेल फवारतो. पाणी किंवा रॉकेल मिसळलेल्या डिझेलने सगळ्यात आधी तोच जातो, आणि तो महाग असतो. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्यांना छोट्या बाटल्या लावून इंजिन थोडा वेळ चालवलं, की ज्या बाटलीत जास्त डिझेल जमतं तो इंजेक्टर झिजलेला. ही तपासणी व्यवहाराआधी करून घ्यायला मालक नाही म्हणत असेल, तर इंजेक्टरचे पैसे किमतीतून वजा धरावेत.

‘पासिंग ताजं आहे’ याचा अर्थ ब्रेक, दिवे आणि धूर त्या दिवशी नियमात होते. क्लच, रिंग किंवा क्राउनची हमी त्यात नाही. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होतं. आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होते, हा समज दिल्लीवरून आलाय. हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश दिल्ली आणि राजधानी क्षेत्रापुरता होता. पंधरा वर्षांनी नोंदणी आपोआप रद्द होण्याचा १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम सरकारी गाड्यांना आहे.

राहिला कागदांचा प्रश्न. हप्ते आपण भरायचे आणि गाडी जुन्या मालकाच्या नावावरच ठेवायची, असे व्यवहार गावोगाव चालतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं, की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर नाव असलेलाच मालक धरला जाईल. म्हणजे विकणाराही अडकतो. घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर विम्यातलं थर्ड पार्टी संरक्षण नव्या मालकाकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसी नावावर नसेल तर अडकू शकतो. एकाच राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात, आणि फायनान्सचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्यावी.