साडेसहाचा पियानो

टोकियो, नोव्हेंबरअखेर

आमच्या इमारतीमागे एक लहानशी बाग आहे. एक घसरगुंडी, दोन झोपाळे, वाळूचा एक चौकोन आणि कोपऱ्यात गिंकोचं झाड. रोज सकाळी सहा पंचवीसला ऐंशीच्या घरातले एक आजोबा सायकलवरून येतात, पुढच्या टोपलीतून जुना ट्रान्झिस्टर काढतात आणि घसरगुंडीच्या तिसऱ्या पायरीवर ठेवतात. तोवर वीसेक माणसं येऊन उभी राहिलेली असतात. जागा ठरलेल्या. गिंकोखाली ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या काकू, झोपाळ्यापाशी दोन बहिणी, बाकाला कुत्र्याची दोरी बांधून त्याच्या शेजारी उभे राहणारे निवृत्त गृहस्थ. साडेसहाला रेडिओवर पियानो वाजतो आणि सगळे हात एकदम वर जातात. दहा मिनिटांनी रेडिओ बंद. ‘ओत्सुकारेसामा’, म्हणजे ‘दमलात हो’, असं एकमेकांना म्हणून माणसं पांगतात. पावणेसातला बाग पुन्हा कावळ्यांच्या ताब्यात.

याला इथे ‘राजिओ ताइसो’ म्हणतात. रेडिओ-कवायत. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओवर ती वर्षाचे सगळे दिवस साडेसहाला लागते. घड्याळ मागेपुढे करण्याची पद्धत जपानात नाही. त्यामुळे जूनमध्ये साडेसहाला ऊन चांगलं वर आलेलं असतं, तर जानेवारीत दिव्याच्या खांबाखाली उभं राहून हात हलवावे लागतात. कवायत कोणासाठी थांबत नाही, सूर्यासाठीही नाही.

मी निशी-कासाईत राहतो. टोकियोच्या पूर्वेकडचा, भर घालून केलेल्या जमिनीवरचा हा भाग. २००० सालच्या संगणकी तारखांच्या धास्तीच्या सुमारास भारतीय इंजिनिअर इथे येऊ लागले आणि राहिले. भाजीवाल्याकडे कोथिंबीर मिळते, लिफ्टमध्ये अधूनमधून मराठी ऐकू येतं. बागेतल्या त्या मंडळींकडे मी दोन वर्षं बाल्कनीतून चहा पीत पाहत होतो, आणि तसाच पाहत राहिलो असतो. मध्ये आली एक मोजपट्टी.

जपानात २००८ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांच्या वार्षिक तपासणीत कंबर मोजतात. पुरुषांना मर्यादा ८५ सेंटीमीटर, बायकांना ९०. (बायकांना सवलत दिलेली नाही; पोटातल्या चरबीचं क्षेत्रफळ यंत्रावर मोजून हे आकडे काढलेत.) जपानात जाड असणं बेकायदा आहे, अशी एक अफवा आपल्याकडे फिरत असते. तसं काही नाही. कंबर वाढली आणि सोबत रक्तदाब किंवा साखरही वाढली, तर आहार-व्यायामाचा सल्ला देणारं माणूस मागे लागतं, इतकंच. दंडासारखं जे काही आहे ते विमा-संस्थेला सोसावं लागतं. माझी कंबर ८९ निघाली. नर्सबाईंनी आकडा मोठ्याने उच्चारला नाही, नुसता लिहिला. मला तेवढं पुरलं.

मग मी सगळे करतात ते केलं. एका व्यायामशाळेचं सभासदत्व घेतलं. पहिल्या महिन्यात अकरा वेळा गेलो, दुसऱ्यात चार वेळा, पुढे फक्त पैसे जात राहिले. सडपातळ झालं ते बँकेतलं खातं. मग पावलं मोजून पाहिली. रोज दहा हजार पावलांचा जो मंत्र आज जगभर जपला जातो, तो याच शहरातून निघाला. इथल्या १९६४च्या ऑलिंपिकनंतर व्यायामाची हवा होती, आणि १९६५मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं एक यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’ : दहा हजार पावलं मोजणारं. आकडा बोलायला सोपा होता, म्हणून चालला. संशोधन मागाहून आलं. अलीकडे वयस्क बायकांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की साडेसात हजारांच्या पुढे फारसा जास्तीचा फायदा नाही. मी मात्र चौथ्याच दिवशी फोन चार्जिंगला लावून सोफ्यावर होतो.

जपानीत अशा माणसाला ‘मिक्का बोझु’ म्हणतात. तीन दिवसांचा भिक्षू. डोकं भादरून मठात जातो आणि चौथ्या दिवशी पहाटेच्या घंटेला कंटाळून घरी येतो. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस असतात, म्हणजे आम्ही तुमच्यापेक्षा सहा दिवस जास्त टिकतो, असा हिशेब मी ऑफिसात मांडला. कोणी हसलं नाही. एकाने वहीत लिहून घेतलं.

जपानी माणूस जात्याच शिस्तीचा, हे आपल्याकडचं लाडकं मत. मला ते पटेनासं झालंय. ज्यांना तीन दिवसांच्या भिक्षूसाठी वेगळा शब्द लागतो, ती माणसं आपल्याइतकीच आळशी असणार. त्यांनी शहाणपणा एवढाच केला की स्वतःच्या निश्चयावर भरवसा ठेवला नाही. कधी उठायचं ते रेडिओवर सोपवलं, आलात की नाही ते शेजाऱ्यांवर.

शेवटी मीही बागेत उतरलो. पहिल्या दिवशी मागच्या रांगेत उभा राहिलो. कवायती दोन. पहिलीत तेरा प्रकार असतात आणि ती सव्वातीन मिनिटांत आटोपते. हात वर ताणणं, हात फिरवणं, बाजूला वाकणं, पुढे-मागे वाकणं, कमरेतून वळणं, दोन्ही पायांवर उड्या, शेवटी दीर्घ श्वास. ऐकायला पोरखेळ. पण वळण्याच्या प्रकारात सगळी बाग डावीकडे गेली आणि मी उजवीकडे, तेव्हा ड्रायक्लीनिंगच्या काकू आणि मी समोरासमोर आलो. त्यांनी तशाच वळलेल्या स्थितीत मान लववून नमस्कार केला. उड्यांच्या वेळी बहुतेक आजी-आजोबा नुसत्या टाचा उचलतात. मी उत्साहाने खऱ्या उड्या मारल्या आणि दुसऱ्या कवायतीला धापा टाकत होतो. दुसरी अधिक जोरकस आहे. तरण्या, कामकरी माणसांसाठी बसवलेली. ती माझ्या दुप्पट वयाच्या एक बाई माझ्यापुढे न थांबता करत होत्या.

त्यांना काही आठवावं लागत नाही. इथे प्राथमिक शाळेतच हे अंगात मुरवलेलं असतं. पियानोचे पहिले सूर आले की साठ वर्षांनीही हात आपोआप उठतात. गाडीतून जाताना इमारतींच्या बांधकामावर हेल्मेट घातलेले मजूर काम सुरू होण्याआधी हीच कवायत करताना दिसतात. क्रेनखाली ओळीने उभे, सगळे एकदम उजवीकडे कललेले.

खरी गोष्ट तिसऱ्या आठवड्यात कळली. कामाच्या गडबडीत मी तीन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शर्ट आणायला दुकानात गेलो, तर काकूंनी काउंटरवर शर्ट ठेवता ठेवता विचारलं, ‘अंगात ताप होता का?’ टोमणा नव्हता. माणूस आजारी असल्याशिवाय येणार नाही असं त्यांनी धरलंच होतं. आता मी काय सांगणार? ‘हो, जरा कणकण होती,’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी सहा पंचवीसला बागेत होतो. व्यायामशाळेत मी सात महिने फिरकलो नाही, तरी तिथून कोणी विचारलं नव्हतं. ते का विचारतील? न येणाऱ्या सभासदावर तर तो धंदा चालतो.

रेडिओ-कवायतीचा धंदा बरोबर उलटा होता. ती काढली टपाल खात्याच्या आयुर्विम्याने. न्यूयॉर्कची मेट्रोपॉलिटन लाइफ ही विमा कंपनी १९२५पासून रेडिओवर सकाळचा व्यायाम घेत होती. तो जपानी टपाल-विम्याच्या अधिकाऱ्यांनी पाहिला आणि कल्पना घरी आणली. त्या काळी जपानी माणसाचं सरासरी आयुष्य पंचेचाळिशीच्या आसपास होतं आणि क्षयाने तरणी पोरं जात होती. विमेदार जितका उशिरा मरेल तितके हप्ते जास्त. असा रोखठोक हिशेब आणि नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाचा मुहूर्त जुळून १ नोव्हेंबर १९२८ला टोकियोतून पहिलं प्रक्षेपण झालं. सरकारी खात्याच्या स्वार्थातून लोकांचं इतकं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

त्याच दशकात आपल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करत होते. संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरूही केले होते. मी सातारा जिल्ह्यातला. शनिवारी सकाळच्या शाळेत गुरुजींच्या ‘दक्ष! विश्राम!’वर आम्ही रांगेत नमस्कार घातलेत, मधल्या सुट्टीतल्या भुकेसकट. आमचं पुढे काय झालं याचा मी इथे बऱ्याचदा विचार करतो. सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून या कवायतीच्या कितीतरी पुढे आहे. तिथे शंकाच नको. पण शाळा सुटली की तो ज्याचा त्याचा झाला. पहाटे उठायचं, चटई घालायची, आकडा वाढवायचा, सगळं एकट्याने, आणि तेही निश्चयाने. रथसप्तमीला मैदान भरतं, पण दुसऱ्या दिवशी कोण आलं नाही हे बघायला तिथे कोणी नसतं.

अर्थात, कोण आलं नाही हे बघणाऱ्या डोळ्यांची दुसरी बाजूही याच देशाने पाहिली आहे. युद्धाच्या वर्षांत ही कवायत राष्ट्रकार्य झाली, कोरिया-तैवानच्या वसाहतींतही तिचा पियानो वाजला. एका आवाजावर लाखो माणसांचे हात एकदम वर जातात, हे पराभवानंतर आलेल्या अमेरिकी अंमलदारांना रुचलं नाही. कल्पना मूळची त्यांच्याच देशातली, पण इथे तिला बराकीचा वास येत होता. १९४७ साली प्रक्षेपण बंद पडलं. १९५१मध्ये ते नव्या प्रकारांनी आणि नव्या संगीताने परत आलं, कोणावरही सक्ती नाही अशा रूपात. आज बागेत पहिल्या कवायतीला वाजतो तो संगीतकार तादाशी हात्तोरी यांचा पियानो तेव्हाचाच आहे. सक्ती नाही हे खरं. तरी काकूंच्या ‘ताप होता का’मध्ये जुन्या शेजारधर्माबरोबर जुन्या पाळतीचाही एखादा धागा असेल, असं मला कधी कधी वाटतं. मी तो सोसतो, कारण कंबर आता ८६वर आली आहे.

मुलांसाठी यात आणखी एक युक्ती आहे, आणि ती तर निव्वळ पुठ्ठ्याची. उन्हाळी सुट्टीत पोरं उशिरापर्यंत लोळू नयेत म्हणून १९३०मध्ये टोकियोच्या कांदा भागातल्या एका पोलिसाने त्यांना सकाळी कवायतीला जमवायला सुरुवात केली. ते देशभर पसरलं. आता सुट्टी लागली की मुलांना एक कार्ड मिळतं. टपाल-विम्याची आजची कंपनी ते छापते. कार्डाला दोरी, ती गळ्यात. रोज कवायत झाली की एका चौकोनात शिक्का. माझी मुलगी दुसरीत आहे. एरवी तिला उठवायला अर्धा तास लागतो. त्या शिक्क्यासाठी ती जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या आधी बूट घालून दारात उभी असायची.

एक दिवस दात दुखत होता, ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी शिक्क्यांचं काम बघणाऱ्या आजींकडे मी रदबदली केली : पोर आजारी होती, कालच्या चौकोनातही एक मारून टाका की. आपल्याकडे ही विनंती कोणी नाकारली नसती. उलट ‘अहो, घ्या ना’ म्हणून दोन मारले असते. आजींनी शिक्का हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. मग मुलीपुढे वाकून त्या म्हणाल्या, ‘काल तुझा दात दुखत होता ना? मग हा चौकोन दाताचा.’ आणि मुलीने त्या रिकाम्या चौकोनात पेन्सिलीने एक दात काढला. शेवटच्या दिवशी सगळ्यांना वह्या-पेन्सिली मिळाल्या. एकही दिवस न चुकवणाऱ्या तिघांना वेगळं बक्षीस होतं. मुलगी त्या तिघांकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे.

हेही आता आटत चाललंय. अनेक वस्त्यांत सुट्टीभराची कवायत एक-दोन आठवड्यांवर आली आहे. मुलं कमी, उन्हाळा भाजून काढणारा, आणि सकाळच्या आवाजाबद्दल तक्रार करणारे शेजारीही वाढले आहेत. आमचे आजोबा ट्रान्झिस्टरचा आवाज इतका बारीक ठेवतात की मागच्या रांगेत पियानो कमी आणि कावळे जास्त ऐकू येतात. आम्ही पुढच्यांच्या पाठी बघून वाकतो.

पुढे एकदा मी आजींना गमतीने म्हटलं, मोठ्यांना नाही का मिळत कार्ड? त्यांनी दुसऱ्याच दिवशी उरलेलं एक आणून दिलं, दोरीसकट. त्यावर छापलेल्या तारखा जुलै-ऑगस्टच्या. त्यामुळे माझी आजची, नोव्हेंबरातली हजेरी १९ ऑगस्टच्या चौकोनात लागली आहे. मधले चार चौकोन रिकामे आहेत. एक दाताचा म्हणून खपवता येईल. बाकीच्या तिघांत काय काढायचं, ते मुलीला विचारलं पाहिजे.