कुलाब्याचा रायगड झाल्यावर

१ जानेवारी १९८१ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं आणि जिल्ह्याचा सगळा इतिहास महाडकडच्या एका डोंगरावर जाऊन बसला. शाळांच्या सहली पेण ओलांडून, नागोठणं मागं टाकून थेट पाचाडला जायच्या. वाटेतल्या पेण आणि रोहा तालुक्यांत उतरून बघावं असं काही असेल, हे त्यांच्या गावीही नसे. या चार दशकांत इथं काय टिकलं याचा माग काढला, तर ज्या जागेला भक्त, गिऱ्हाईक किंवा अनुयायी मिळाला तीच तगलेली दिसते. बाकीच्यांनी दगडाच्या जोरावर दिवस काढले.

नागोठण्याचा जुना पूल त्यातलाच. १५८०च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीननं तो तीन लाख रुपये खर्चून बांधला, असं १८८३चं कुलाबा गॅझेटियर सांगतं. लांबी ४८० फूट, रुंदी मात्र जेमतेम दहा फूट. जुलै १९८९मध्ये अंबा नदीला आलेल्या पुरानं नागोठण्यात हाहाकार उडवला. गावात त्या पुराच्या आठवणी अजून निघतात, पुलाची कुणी काढत नाही.

अवचितगडाचं नशीब जरा बरं. रोह्याजवळच्या मेढ्याहून दाट रानातून वर जावं लागतं. वर सात टाक्यांचा समूह आहे, दीपमाळ आहे, आणि बुरुजावर शके १७१८चा, म्हणजे १७९६चा मराठी शिलालेख. गणेशाला वंदन करून संवत्सर आणि तिथी सांगणारा. १९८६मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली, पुढे कोकण रेल्वे सुरू झाली, आणि मुंबईची भटकी मंडळी या बाजूला वळू लागली. तरी किल्ल्यांची खरी देखभाल सुरू झाली ती गाळ उपसणाऱ्या, झाडोरा काढणाऱ्या तरुणांच्या गटांमुळे. त्यांनी लावलेल्या फलकांवर कधीकधी किल्ल्याच्या माहितीपेक्षा गटाचंच नाव ठळक असतं, पण एवढं चालवून घ्यावं. हमरस्त्यावरच्या खांबजवळचा सुरगड कितीतरी गाड्यांना दिसतो, थांबतात फार थोड्या.

रोहा शहरात धावीर महाराजांना संग्रहालयाची गरज नाही. दसऱ्याच्या उत्सवात पालखीला पोलीस सशस्त्र सलामी देतात आणि ते पाहायला मुंबईला गेलेला रोहेकरही घरी येतो. चिंतामणराव देशमुखांच्या वाट्याला एवढी गर्दी आली नाही. वडील द्वारकानाथ इथले वकील. मुलगा रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, १९५२मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेला आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६मध्ये अर्थमंत्रिपद सोडून मोकळा झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात या राजीनाम्याचं वजन मोठं. पाहुण्याला मात्र रोह्यात त्यांची ओळख मुख्यतः पाट्यांवरच्या नावातून होते. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले १९२०मध्ये इथंच जन्मले. त्यांची आठवण स्वाध्यायींच्या राबत्यानं जिवंत आहे.

पेणचं तर आख्खं गावच प्रदर्शन. नगरपालिकेनं गणेशमूर्तींचं संग्रहालय केलं खरं, पण मला विचाराल तर सरळ एखाद्या कारखान्यात शिरावं. साच्यातून निघालेल्या ओल्या मूर्ती, घासकाम, रंगकाम, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणाऱ्याशी त्या वेळी कुणी बोलत नाही. हमरापूर, जोह्यापर्यंत हा धंदा पसरला तो प्लास्टर ऑफ पॅरिसमुळे. शाडूचं काम सावकाश, मूर्ती जड आणि नाजूक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२०मध्ये प्लास्टरविरुद्ध नियमावली काढली आणि शाडूचा विषय पुन्हा ऐरणीवर आला. पर्यावरणाची बाजू खरी आहे, पण उधारीवर वर्षभराचा माल भरून बसलेल्या कारखानदाराची अडचणही खोटी नव्हे.

गागोदे याच तालुक्यातलं. ११ सप्टेंबर १८९५ला विनोबा तिथं जन्मले आणि दहाएक वर्षांचे असताना बडोद्याला गेले. तेवढ्या बालपणावर त्या लहानशा गावाचं नाव सर्वोदयवाल्यांच्या नकाशावर कायमचं उमटलं.

जमिनीचं दान मागणाऱ्या विनोबांच्या या तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ला जमीन द्यायची की नाही यावर मतदान झालं. सेझसाठीच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या भूसंपादनाबद्दल सरकारनं २२ गावांतल्या शेतकऱ्यांचा कौल घेतला. आपल्याकडे असं क्वचितच घडतं. त्या वेळच्या नोटिसा, हरकतींचे अर्ज, बैठकांचे फोटो आज घराघरांतल्या ट्रंकांत पडून असतील. पेणच्या संग्रहालयानं ते मागून घ्यावेत आणि गणपतींच्या शेजारची एक भिंत त्यांना द्यावी.