गिअरबॉक्स कुठे तुटतो?

गोडी छाटणी झाली की पिंपळगाव बसवंतच्या शिवारात ट्रॅक्टरला उसंत नसते. डाऊनी रोगाच्या धास्तीनं उजाडायच्या आत फवारणीचा ब्लोअर द्राक्षबागेत शिरतो. ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा पीटीओ दांडा मिनिटाला ५४० फेऱ्यांवर धरला की इंजिनाची गती बांधली जाते. ओळीतून किती सावकाश जायचं, हे मग फक्त गिअर ठरवतो. ट्रॅक्टर जुन्या स्लायडिंग मेश गिअरबॉक्सचा असेल तर त्याचा चढा घूंघूं आवाज पलीकडच्या बागेतही ऐकू येतो. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये गाड्या पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, जीव तोडून पळतात. अशा ड्रॅग शर्यतीसाठी खास बांधलेल्या गिअरबॉक्सचा सूरही याच जातीचा असतो. दोन्हीकडे कारण एकच, सरळ कापलेले दाते.

रोजच्या मोटारीत दाते तिरके असतात. प्रत्येक दाता एका कडेपासून हळूहळू पकड घेतो, म्हणून आवाज कमी होतो. पण तिरका दाता दाब घेताना चाकाला बाजूलाही रेटतो, आणि तो रेटा बेअरिंगवर, केसिंगवर जातो. केसिंग केसभर जरी फाकलं तरी दोन शाफ्टमधलं अंतर वाढतं, दाते पूर्ण रुंदीनं न भिडता कडेशी भिडतात आणि कडेपासूनच उडायला लागतात.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी जनरल मोटर्सनं १९६३च्या मॉडेलपासून चार गिअरांचा एक बॉक्स बनवला. त्यातला एम-२२ ड्रॅगवाल्यांचा लाडका. त्याच बॉक्सच्या एम-२१ प्रकारात दात्यांचा तिरकेपणा सुमारे ३४ अंश होता, एम-२२मध्ये तो जवळपास २० अंशांवर आणला. आवाज वाढला, बाजूचा रेटा घटला, आणि लोकांनी त्याला ‘रॉक क्रशर’ म्हटलं. आपल्याकडच्या खडी क्रशरशेजारी उभं राहिलेल्याला हे नाव समजावून सांगायला नको. त्याच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर अवघं २.२०. मला यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. शाफ्टमधलं अंतर ठरलेलं असतं; पहिला गिअर जितका जास्त ओढीचा, तितकी त्या जोडीतली धाकटी चकती लहान आणि तितके तिचे दाते कमजोर. कमी पडलेली ओढ मागच्या क्राऊन-पिनियनमधून काढता येते.

गाडी किती घोडेशक्तीची, हे सगळे विचारतात. मी आधी टायर विचारेन. इंजिन चढवून क्लचवरून पाय झटकन काढला की फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा एकदम दात्यांवर आदळते. तो धक्का इंजिनाच्या स्वतःच्या टॉर्कहून मोठा असू शकतो. साध्या रस्त्याच्या टायरवर चाक जागेवर फिरतं आणि गिअरबॉक्स वाचतो. शर्यतीचा चिकट स्लिक टायर जमीन सोडत नाही, मग सगळा मार दात्यांना खावा लागतो. चिखलात ट्रॅक्टरचं चाक घसरतं तेव्हा आपण चरफडतो, पण त्या घसरण्यानंच कितीतरी गिअर वाचलेले असतात. म्हणूनच ड्रॅगच्या मॅन्युअल गाड्यांत ठरवून थोडा घसरणारा क्लच बसवतात. बॉक्स घेताना क्लचचा आणि टायरचा विचार त्याच बैठकीत व्हायला हवा.

गिअर बदलतानाही बॉक्सला मार बसतो. दोन वेग जुळवून देणारं सिंक्रोमेश कॅडिलॅकनं १९२८ साली आणलं, आणि गिअर कुरकुरल्याशिवाय पडू लागला. पण त्यातल्या शंकूला दोन वेग जुळवायला क्षणभर लागतो. ड्रॅगमध्ये तेवढाही क्षण नसतो. घाईनं दांडी ओढली की सिंक्रोमेशच्या शंकूच्या रिंगा झिजतात. तिथं डॉग गिअर हवेत: एकमेकांत अडकणारे खांदे मोजके, जाड, मधे मोकळी जागा. शहरातल्या गर्दीत मात्र ते वापरणाऱ्याला छळतात.

हायवेलगतच्या एका गॅरेजात ट्रॅक्टरचा तुटका गिअर मी हातात घेऊन पाहिला. दात्याच्या मुळाशी निम्मा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावरच्यासारख्या बारीक वळ्या. उरलेला भाग खडबडीत, करडा, दाणेदार. वळ्यांचा भाग हळूहळू चिरत गेलेला, दाणेदार भाग शेवटच्या झटक्यात तुटलेला. म्हणजे तो दाता बराच काळ चिरलेल्या अवस्थेत काम करत होता. जुना बॉक्स विकत घेताना ही चीर बाहेरून दिसत नाही. पण ऑइल काढून ड्रेन प्लगच्या चुंबकावर बोट फिरवता येतं. काजळासारखा मऊ थर लागला तर ती रोजची झीज. टोचणारी कपची लागली, तर बॉक्स पुरता उघडून प्रत्येक दात्याचं मूळ पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.