इंडिकेटर भरभर कां लुकलुकतो?

पाथरीहून मानवतकडे निघालेला मोटारसायकलस्वार तिन्हीसांजेस उजवीकडे वळूं पाहतो. बटण दाबतांच इंडिकेटर भरभर लुकलुकूं लागतो. पुढचा बल्ब दिसतो, म्हणून स्वार निर्धास्त. जळालेला असतो मागचा, आणि मागें उसाची ट्रॉली!

बारा व्होल्टांवर दहा-दहा वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारें १.७ अँपिअर प्रवाह घेतात. एक जळाला कीं प्रवाह निम्मा. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बहुधा ही घट ओळखून गति वाढवितो. तापणाऱ्या पट्टीच्या जुन्या फ्लॅशरांत पट्टी पुरती तापत नाहीं व लुकलुक पुष्कळदा मंदावते अथवा थांबते. मिनिटास ६० ते १२० ही योग्य गति. तेव्हां फ्लॅशरला बोल लावण्यापूर्वीं बल्बची तार व होल्डरचा गंज पाहावा. एलईडी बसविल्यास मात्र सारें शाबूत असूनहि गति वाढते. तिचा अल्प प्रवाह पाहून फ्लॅशर बल्ब जळाला असेंच समजतो. तेथें एलईडीजोगा फ्लॅशरच घ्यावा लागतो.