एकादशीची भरती सव्वाआठला



सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, की आपल्याकडं चार दिवस जरा मोकळे मिळतात. त्याच दिवसांत आमच्या गटातल्या अकरा जणी एक क्रूझर, भाड्याचे तीन तंबू, कुकर आणि शेगडी घेऊन हिंगोलीहून निघालो. पुण्याच्या पुढं वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. तिथून आंबेनळी घाटानं खाली पोलादपूर आणि माणगाव-म्हसळ्यावरून थेट हरिहरेश्वर. डोंगर आणि समुद्र एकाच फेरीत झाले. या फेरीत जे समजलं ते तुमच्याही गटाला उपयोगी पडावं, म्हणून आजची ही गप्पा.

पहिली गोष्ट तंबूची. “बायांनी तंबूत राहायचं?” असं घरोघरी विचारलं गेलं. पण शेगावची पालखी दरवर्षी आपल्या सेनगाव, नरसी, औंढ्यावरून पंढरपूरला जाते. वारीत राहुटीत झोपलेल्या सासूबाई प्रत्येक गावात आहेत. त्यांनाच विचारलं, तर त्यांनी सगळे नियम तोंडपाठ सांगितले: ओढ्याच्या पात्रात तंबू नको, दार वाऱ्याच्या तोंडाला नको, आणि जागामालकाला विचारल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही. कोकणात यात एक भर घाला. नारळाच्या झाडाखाली मुक्काम नको, वरून पडणारा नारळ कुणाची ओळख बघत नाही!

थंडी कितीही असो, तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही. बंद जागेत जळताना जो विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो. झोपेतच माणूस जातो. तंबूची झडपही थोडी उघडी ठेवा. श्वासातली वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे अंगावर टपटपते. आमच्यातल्या दोघी “पाऊस आला, पाऊस आला” म्हणत बाहेर पळाल्या, तर वर चांदणं पडलेलं!

दुसरी गोष्ट डाळीची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे, आपली हिंगोली साडेचारशेच्या आसपास. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० ऐवजी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. भांड्यात पाणी खळाखळा उकळतंय आणि डाळ मात्र शिजायचं नाव घेत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि डाळ शिजते. सामानात दोन साड्या कमी घ्या, पण कुकर घ्याच.

तिसरी गोष्ट घाटाची. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. हे ड्रायव्हरला सांगायला लाजू नका. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढं बसावं, नजर लांबच्या रस्त्यावर ठेवावी आणि तुडुंब जेवून घाट चढू नये.

आता एक बोलायला अवघड गोष्ट. प्रवासात सोय नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ आणि घरी येऊन दवाखाना. आम्ही निघण्याआधीच ठरवलं होतं: दर दोन-अडीच तासांनी बसस्थानक किंवा पेट्रोल पंप आला की गाडी थांबणार. कुणी मागायचं नाही, कुणी लाजायचं नाही.

घाट उतरला की हवा बदलते. ऊन आपल्यापेक्षा कमी, तरी घाम थांबत नाही, कारण दमट हवेत तो वाळतच नाही. आपल्याकडं उरलेली भाकरी वाळून कडक होते, तिथं तिला बुरशी धरते. रोजचं रोज करा. तिथं भात, आमटी आणि सोलकढी मिळते. आम्ही ठेच्याचा डबा पुढं केला, तर तिथल्या मावशींनी एका घासात अर्धा तांब्या पाणी संपवलं!

शेवटची गोष्ट समुद्राची, आणि ती नीट ऐका. समुद्र दिवसात दोनदा चढतो, दोनदा उतरतो. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी येते, आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी पुढं सरकते. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून जातो, म्हणून तो ओहोटीलाच चालायचा. भरतीत त्याच खडकांवर लाटा आदळतात आणि माणूस ओढला जातो.

भरती कधी, हे कोळीणमावशींनी बोटांवर सांगितलं. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. उपवासामुळं तिथी तर आपल्याला पाठच असते! मात्र हा अंदाज आहे. पाण्यात पाय घालण्याआधी गावातल्या माणसाला विचारायचंच, आणि त्यानं “नको” म्हटलं की परत फिरायचं.

पैशाचं म्हणाल, तर गटाचीच रीत लावा. रोकड एकीकडं, वही दुसरीकडं, आणि रोज रात्री हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा. गाडी परवडत नसेल तर एसटी आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना अर्धं तिकीट आहे. बचतीला हात न लावता दर आठवड्याला वेगळे २० रुपये टाकले, तर वर्षाला प्रत्येकीचे हजारावर जमतात.

येत्या बैठकीत हा विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. पहिल्यांदा एकाच मुक्कामाचं ठरवा, जवळच कुठंतरी. तिथं कुकर, वही आणि गाडी थांबवायचा नियम नीट जमला, की मग समुद्राची तिथी काढा.