सोलापूरचा उन्हाळा आणि चित्रकलेचे चार पेपर

मे महिना लागला की सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. दुपारी रस्ते ओस पडतात आणि गावाचे सगळे व्यवहार सकाळ-संध्याकाळवर येतात. शाळांना सुटी असते. तरीही सकाळी सातच्या सुमारास आठवी-नववीतली मुले बगलेत ड्रॉइंग बोर्ड आणि पाठीवर रंगांची पिशवी घेऊन वर्गाला निघालेली दिसतात. दिवाळीआधी होणाऱ्या शासकीय रेखाकला परीक्षेची ही तयारी असते. 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' हे दोन शब्द महाराष्ट्रातल्या घरांत इतके रुळले आहेत की त्यांना मराठी प्रतिशब्द शोधावा असे कुणाला वाटलेच नाही.

दरवर्षी राज्यातली लाखो मुले या परीक्षांना बसतात. सोलापुरात मात्र या अभ्यासाला वेगळेच वजन येते. चित्रकलेच्या पेपरात मुले जी नक्षी काढतात, तिचाच धंदा करून हे शहर जगत आले आहे. नक्षी, कागदावरचे चौकोन आणि कापड यांचे नाते इथल्याइतके जवळून क्वचितच पाहायला मिळते.

परीक्षेचे कुळ

शाळेत चित्रकला शिकवावी, या कल्पनेचे मूळ कारखान्यांत आहे. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हिंदुस्थानातल्या कापडाने आणि नक्षीकामाने युरोपीय पाहुणे थक्क झाले. आपला माल नक्षीत मागे पडतो, ही जाणीव इंग्लंडमधल्या धुरिणांना बोचली. त्यातून लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये कलाशिक्षणाची शिस्तबद्ध पद्धत आकाराला आली. आधी रेषा, मग भूमिती, मग वस्तू आणि शेवटी अलंकरण, असा तिचा क्रम होता. हीच पद्धत पुढे मुंबईत आली.

मुंबईचे दानशूर व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १८५७ मध्ये सर ज. जी. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. १८६५ साली तिथे आलेले लॉकवुड किपलिंग आणि त्यांचे सहकारी जॉन ग्रिफिथ्स हे दोघेही साउथ केन्सिंग्टनच्या परंपरेतले. ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. हे काम पुढे अनेक वर्षे चालले. १८७९ मध्ये चित्रकला हा शिकवण्याचा विषय म्हणून आला आणि १८९३ मध्ये ज. जी. स्कूलमध्ये चित्रकला शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. गावोगावच्या शाळांत 'ड्रॉइंग मास्तर' पोचले ते या वाटेने. १९६५ साली महाराष्ट्राचे स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले. आज एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा तेच घेते.

चार पेपर, चार कसोट्या

एलिमेंटरीत चार विषय असतात: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येते, त्यात रंग आणि मांडणी अधिक अवघड होते आणि भूमितीत घनाकृतींची भर पडते. प्रत्येक पेपर दोन-तीन तासांचा. समोर पाहून नक्कल करायला कोणतेही चित्र नसते. मुलाजवळ त्याचे डोळे, हात आणि आजवरचा सराव एवढेच असते.

वस्तुचित्र वरवर सोपे वाटते. टेबलावर एक मडके, शेजारी दोन कांदे, मागे घडी पडलेला कपडा. पण पहिल्याच दिवशी बहुतेक मुले मडक्याचे तोंड गोल काढतात आणि बूड सरळ रेषेत. मडके टेबलावर टेकले आहे, म्हणजे त्याचे बूड सपाटच असणार, असे त्यांचे मन त्यांना सांगते. डोळ्यांना मात्र वेगळे दिसत असते. वर्तुळ डोळ्यांच्या पातळीवर असेल तर ते नुसत्या रेषेसारखे दिसते. ते जसजसे खाली जाते, तसतशी त्याची लंबगोल आकृती फुगत जाते. मडक्याचे बूड तोंडाच्या खाली असते, म्हणून बुडाची वक्रता तोंडापेक्षा जास्त हवी. शिक्षक मुलांना पेन्सिल हात लांब करून डोळ्यांसमोर धरायला लावतात, एक डोळा मिटून रुंदी आणि उंचीचे प्रमाण मोजायला लावतात. आठ-दहा मडकी काढून झाल्यावर एका सकाळी मुलाचे बूड आपोआप वळते. त्या दिवशी त्याच्या बघण्यात फरक पडलेला असतो आणि तो आयुष्यभर टिकतो.

स्मरणचित्रात यात्रा, आठवडी बाजार, एसटी स्टँड, शेतातली सुगी असे विषय येतात. सोलापूरच्या मुलाला इथे उसने काही आणावे लागत नाही. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज निघतात. एवढा उंच, जड ध्वज तोलून चालणाऱ्या माणसाची पाठ कशी ताणली जाते, पाय कसे रोवले जातात, हे ज्याने गर्दीत उभे राहून पाहिले आहे, त्याच्या चित्रातली माणसे बाहुल्यांसारखी ताठ उभी राहत नाहीत. विड्या वळत बसलेल्या बायका, मागावर वाकलेला विणकर, नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाने काढलेली मार्कंडेयाची रथयात्रा हे सारे या शहराच्या रोजच्या पाहण्यातले आहे. वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी मुले शेजारी-शेजारी बसतात. प्रत्येकाच्या घरातला प्रसंग वेगळा, त्यामुळे विषय एकच असला तरी चित्रे वेगळी होतात.

चौकोनांतला मोर

संकल्पचित्राच्या पेपरात एखादा आकार दिला जातो आणि पाने, फुले, पक्षी किंवा भौमितिक आकार घेऊन त्यात नक्षी भरायला सांगतात. मुले ट्रेसिंग पेपरवर अर्धी नक्षी काढतात, कागद उलटा करून दुसरी बाजू उतरवतात आणि मग पोस्टर कलरचा सपाट हात देतात. या कृतीचे मोठे रूप सोलापूरच्या चादरीत दिसते.

१८७० च्या दशकात इथे सूतगिरणी उभी राहिली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागांचा धंदा वाढवला आणि जेकार्ड यंत्रावर विणलेली जाड, नक्षीदार सोलापुरी चादर देशभर पोचली. या चादरीला आणि इथल्या टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जेकार्ड यंत्र हे फ्रान्समधल्या लियाँ शहरातले जोसेफ-मारी जेकार्ड यांचे काम. त्यांनी ते १८०४ च्या सुमारास पुढे आणले. नक्षी कापडात उतरते ती अशी: कलाकाराने काढलेले चित्र आधी ग्राफच्या कागदावर घेतात. ताण्याचा उभा धागा आणि बाण्याचा आडवा धागा जिथे एकमेकांना छेदतात, त्या जागेचा हिशेब एका चौकोनाकडे असतो. त्या चौकोनांवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात. जिथे भोक असेल तिथे यंत्रातला हुक उचलला जातो आणि त्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. वर आलेल्या आणि खाली राहिलेल्या धाग्यांच्या मधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. अशी शेकडो कार्डे साखळीने ओवून मागावर चढवली की चादरीवर मोर उभा राहतो.

इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या कल्पनेसाठी याच भोकांच्या कार्डांचा आधार घेतला. संगणकाच्या पूर्वजांत विणकराचा माग बसतो, तो असा. आज बऱ्याच ठिकाणी ग्राफचे काम पडद्यावर होते आणि कार्डांची जागा विद्युत यंत्रणेने घेतली आहे. तरी मोराची मान कुठे वळवायची, दोन फुलांच्या मध्ये किती जागा मोकळी सोडायची, काठ आणि मधला भाग यांचा मेळ कसा घालायचा, हे ठरवणारा माणूसच असतो. ते तारतम्य संकल्पचित्राच्या सरावातून येते.

उन्हातला रंग

सोलापूरच्या कोरड्या उष्णतेत जलरंग हाताळणे हे स्वतंत्र कसब आहे. कुंचल्याचा दुसरा फटकारा येण्याआधीच पहिल्याची कड वाळते आणि आकाशाच्या निळाईत रेघा पडतात. म्हणून वर्ग सकाळच्या गारव्यात घेतात, पंखा बंद ठेवतात, कागद आधी ओल्या स्पंजने पुसून घेतात आणि लागेल त्याहून जास्त रंग एकदमच कालवून ठेवतात. बोर्ड थोडा तिरका धरला की रंगाचा ओघळ खालच्या कडेला साठतो. तो पुढच्या फटकाऱ्यात उचलत खाली आणायचा. पोस्टर कलरचे वेगळेच. बाटलीतच तो घट्ट होऊ लागतो. जाड लावला तर वाळल्यावर भेगा पडतात, पातळ लावला तर पट्टे दिसतात. ज्याने हे रंग मे महिन्यात आटोक्यात आणले, त्याला ऑक्टोबरच्या परीक्षागृहात ते सोपेच जातात.

रेखाटनाच्या सरावासाठी शहरात जागांची वाण नाही. सिद्धेश्वर तलावातले मंदिर, काठावरचा बहमनीकालीन भुईकोट किल्ला, महापालिकेची इंद्रभुवन इमारत ही ठिकाणे एकमेकांपासून फार लांब नाहीत. किल्ल्याच्या तटावर कोवळे ऊन तिरपे पडते तेव्हा बुरुजाची गोलाई छायाप्रकाशात स्पष्ट दिसते. दहा वाजले की ऊन डोक्यावर येऊ लागते आणि तोच बुरूज सपाट दिसतो. तलावातले प्रतिबिंब काढताना मुलांना परिप्रेक्ष्याचा नियम पाठ करावा लागत नाही, तो समोर दिसतच असतो.

दुसऱ्या एका गिरणीच्या प्रदेशात

शालेय मुलांसाठी उन्हाळी कलास्टुडिओ ही पद्धत जगात अन्यत्रही आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या संस्थेचा हायस्कूलच्या मुलांसाठीचा उन्हाळी अभ्यासक्रम नावाजलेला आहे. मुले तिथे राहून रेखाटन, डिझाइन आणि कलेचा इतिहास शिकतात. ही संस्था निघाली १८७७ मध्ये. ऱ्होड आयलंड हा तेव्हा कापडगिरण्यांचा प्रदेश होता. फिलाडेल्फियाच्या १८७६ च्या प्रदर्शनातून महिलांच्या समितीकडे १,६७५ डॉलर उरले होते, ते तिने या शाळेसाठी दिले. कारागिरांना उद्योगासाठी चित्रकला शिकवणे हे संस्थेचे पहिले उद्दिष्ट होते. गिरण्या आल्या की नक्षीची गरज येते आणि नक्षीची गरज मुलांना चित्रकलेपाशी आणते, हे सोलापुरात घडले तसेच तिकडेही घडले.

गुण आणि त्यापुढचे

इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. अनेक पालक मुलांना वर्गाला घालतात ते या गुणांसाठी, आणि त्यात गैर काही नाही. गुणांच्या निमित्ताने का होईना, पुढे अभियंता, शिंपी, सुतार किंवा डॉक्टर होणारे मूल काही महिने बारकाईने पाहायला शिकते. त्यांतली काही मुले कलाशिक्षणाकडेच वळतात. याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन लहानपणीच इंदूरला गेले आणि पुढे मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून त्यांनी पोट भरले. फलक रंगवण्याच्या या धंद्यात लहान छायाचित्रावर चौकोन आखून ते मोठ्या फलकावर उतरवण्याची रीत आहे. चादरीच्या ग्राफवर आणि सिनेमाच्या फलकावर चालणारी विद्या एकच.

म्हणून सोलापूरच्या कलाशिक्षकांनी आणि पालकांनी उन्हाळ्यातली एक सकाळ मागांसाठी राखून ठेवावी. मुलांना एखाद्या जेकार्डच्या कारखान्यात न्यावे, ग्राफ दाखवावा, कार्डाच्या भोकांवरून बोट फिरवू द्यावे आणि त्या कार्डांतून उतरलेली चादर हातात द्यावी. संकल्पचित्र हा विषय अभ्यासक्रमात का आला, हे समजावायला त्यानंतर वेगळा तास घ्यावा लागणार नाही. आणि ज्या विणकराचे मूल वर्गात बसले असेल, त्याला आपल्या घरच्या कामाची किंमत चारचौघांत कळेल. शंभर मार्कांच्या कोणत्याही पेपरात एवढे मिळत नाही.