पर्ससीन जाळे, एलईडी दिवे आणि राज्याचा कायदा

महाराष्ट्र विधिमंडळाने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली दुरुस्ती केली, तेव्हा वादाच्या केंद्रस्थानी पर्ससीन जाळे आणि एलईडी दिवे होते. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती भिंतीसारखे सोडले जाणारे जाळे. त्याची वरची कड बोयांमुळे तरंगते, तर खालच्या कडेच्या कड्यांतून ओवलेला दोर ओढताच तळ बटव्याच्या तोंडासारखा आवळला जाऊन बांगड्याचा किंवा तारलीचा अख्खा थवा आत कोंडला जातो. त्यात जनित्रावर चालणाऱ्या प्रखर दिव्यांची भर पडली, की उजेडाकडे खेचले जाणारे लहानमोठे मासे व माकुल एकाच जागी गोळा होतात आणि अजून एकदाही अंडी न घातलेली पिल्लेही त्यांच्यासोबत उपसली जातात. पारंपरिक मच्छीमारांची तक्रार म्हणूनच रास्त ठरते.

दुरुस्तीने एलईडी मासेमारीसाठी ५ ते २० लाख रुपयांचा दंड ठरवला आणि अशा प्रकरणांचा निवाडा तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवला. मात्र राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच असते आणि त्यापलीकडे केंद्राचा अधिकार सुरू होतो, त्यामुळे नौका नेमकी कोठे होती याचा पुरावा निर्णायक ठरतो. शिवाय दंड होतो तो मासे मेल्यानंतर. पिल्ले वाचवायची असतील, तर नौका बंदर सोडण्यापूर्वीच जाळी आणि जनित्रे तपासली गेली पाहिजेत.